मायरा, रियांश आणि नकुशी

हल्ली कुठल्याही बारशाला जा, एखादी 'मायरा' भेटतेच. अर्थ विचारला की मोबाईल पुढे येतो. "संस्कृत आहे, म्हणजे प्रिय!" मी जरा खोदून पाहिलं. हे नाव फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने प्रेमकवितांसाठी घडवलं असं मानतात. तो वारला १६२८ साली.

आईबाबांच्या नावांतली अक्षरं जोडायची युक्तीही नवी नाही. जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हॅनहोमरिग या मैत्रिणीच्या आडनावातलं 'व्हॅन' घेतलं, एस्थरचं लाडकं 'एसा' घेतलं आणि 'व्हॅनेसा' तयार! ती कविता १७२६ मध्ये छापली गेली. आज ते नाव जगभर आहे.

'रियांश' कुठल्या कोशात सापडत नाही म्हणून आपण हसतो. हसा की. पण अर्थ असलेली नावं कुणाच्या वाट्याला कशी आली तेही बघा. आधीची मुलं दगावली की नव्याला दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू. आणि पुन्हा मुलगीच झाली म्हणून 'नकुशी'. हिच्या अर्थासाठी कोश उघडावा लागत नाही. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव! २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात अशा २८५ मुलींचं सरकारी पुढाकाराने पुन्हा बारसं झालं.

कोऱ्या नावाची ओढ मला इथे कळते. त्यातून ना जात कळते, ना नवससायास. (आडनाव मागून येऊन सगळं सांगून टाकतं, ते वेगळं.) तेव्हा ठेवा खुशाल रियांश. फक्त मायराला संस्कृत म्हणू नका, ती इंग्लंडची आहे.