नोकरी-व्यवसाय सांभाळून व्हायोलिनचा रियाज

व्हायोलिन लहानपणीच सुरू केले नाही तर पुढे जमत नाही, असा समज आहे. तरीही बँक, शाळा, दवाखाना किंवा दुकान सांभाळून तिशी-चाळिशीत हे वाद्य हाती घेणारे अनेक जण नांदेड, लातूरसारख्या शहरांत असतात. त्यांतले बरेच जण पहिल्या वर्षातच थांबतात. दिवसाला मिळणाऱ्या अर्ध्या तासात नेमके काय करायचे, हे ठरलेले नसते, हे त्यामागचे एक मोठे कारण असते.

दहा हजार तासांचा हिशोब

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून 1993 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातल्या सर्वोत्तम गटाने विशीपर्यंत सरासरी दहा हजार तासांहून अधिक सराव केलेला होता. माल्कम ग्लॅडवेल यांच्या 2008 सालच्या पुस्तकामुळे हा आकडा जगभर पोहोचला.

रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला सुमारे 182 तास. या गतीने दहा हजार तासांना जवळपास 55 वर्षे लागतील. हा हिशोब पाहून प्रौढ शिकाऊ माणूस खचतो. पण तो आकडा व्यावसायिक वादक होऊ पाहणाऱ्यांचा आहे. घरच्या बैठकीत भूप किंवा यमन सुरात वाजवता यावा, यासाठी तो लागू नाही. एरिक्सन यांचा भरही तासांपेक्षा सरावाच्या पद्धतीवर होता: एक नेमकी चूक निवडणे, ती लक्ष देऊन सुधारणे आणि दमण्याआधी थांबणे. हे अर्ध्या तासातही करता येते.

अवघड नेमके काय आहे

व्हायोलिनला पडदे नसतात. बोट एक-दोन मिलिमीटर सरकले तरी तानपुऱ्यासोबत बेसूरपणा ऐकू येतो. दुसऱ्या हातातल्या गजाचा दाब, वेग आणि घोडीपासूनचे अंतर जुळले नाही तर आवाज खरखरतो. म्हणजे दोन हात दोन वेगळी कामे करतात आणि दोन्हींवर कानाची देखरेख लागते.

हिंदुस्थानी पद्धतीत चार तारा सामान्यतः आलटून पालटून षड्ज आणि पंचमात लावतात. वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवतो आणि दुसरी बाजू छातीच्या डाव्या अंगाला, खांद्याजवळ ठेवतो. त्यामुळे डावा हात मींडेसाठी मोकळा राहतो. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसून, पाश्चात्त्य पद्धतीने खांद्यावर धरूनही वाजवता येते. मान आखडली किंवा बोटे बधिर झाली तर त्या दिवशी थांबावे आणि बैठक शिक्षकांना दाखवावी.

अर्ध्या तासाची वाटणी

पहिली 5 मिनिटे: तारा लावून मोकळ्या तारेवर गज टोकापासून टोकापर्यंत सावकाश ओढावा. मोबाइलवर तानपुरा सुरू असावा.

पुढची 8 मिनिटे: एकाच रागाचे आरोह-अवरोह विलंबित लयीत. प्रत्येक स्वर तानपुऱ्यात मिसळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुढची 12 मिनिटे: बंदिशीतली एकच अडणारी जागा. त्रितालाच्या 16 मात्रांपैकी 4 मात्रा अडत असतील तर तेवढ्याच घ्याव्यात. आधी स्वर तोंडाने म्हणावेत, मग वाजवावेत. सलग तीन वेळा बरोबर आल्यावरच लय थोडी वाढवावी. चुकीचे वीस वेळा वाजवले तर हाताला चूकच पाठ होते.

शेवटची 5 मिनिटे: शिकलेले सगळे न थांबता वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे.

दिवस धावपळीचा असेल तर फक्त पहिले दोन भाग करावेत. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोजची 15 मिनिटे अधिक टिकतात. अंतर ठेवून केलेला सराव लक्षात राहतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्मरणशक्तीवरील प्रयोगांतून दाखवले होते.

वाद्य हातात नसतानाचा रियाज

नांदेड-लातूर एसटीच्या प्रवासातही रियाज होऊ शकतो. डी. के. दातार यांचे गायकी अंगाचे वादन किंवा प्रभाकर जोग यांचे 'गाणारे व्हायोलिन' ऐकताना एक छोटी जागा निवडावी आणि तिची सरगम मनात म्हणावी. गजाननराव जोशी गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते. हिंदुस्थानी व्हायोलिन गळ्याचे अनुकरण करते, त्यामुळे आधी गाता आलेली जागा बोटांना लवकर सापडते.

शेजारी आणि वेळ

लातूर आणि नांदेड ही शिकवण्यांची शहरे आहेत. शेजारच्या खोलीत नीट किंवा जेईईचा अभ्यास सुरू असताना नवख्याचा गज ऐकवत नाही. घोडीवर बसवायचा रबरी म्यूट आवाज बराच कमी करतो. मात्र त्याने आवाजाची प्रतही बदलते, म्हणून आठवड्यातून एक-दोनदा तो काढून वाजवावे. वेळ घड्याळापेक्षा एखाद्या सवयीला जोडावी: सकाळच्या चहानंतर किंवा संध्याकाळी घरी आल्यावर, जेवणाआधी.

ऊन, पाऊस आणि लाकूड

मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर जातो. लाकूड आकसते, खुंट्या सैल होऊन तारा उतरतात, कधी सांधे उकलतात. खुंटी घसरत असेल तर तिला थोडा खडू लावून, आत दाबत फिरवावी. वाद्य उन्हात उभ्या गाडीत किंवा कुलरच्या झोतासमोर ठेवू नये. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या घट्ट होतात, तेव्हा जोर लावू नये. वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करावेत आणि तारांवरची राळ कोरड्या कापडाने पुसावी. बिघडलेले वाद्य लावण्यातच अर्धा तास जातो आणि रियाज राहून जातो.

शिक्षक आणि परीक्षा

पहिले काही महिने बैठक आणि गज यांकडे पाहणारी दुसरी नजर लागतेच. प्रत्यक्ष शिक्षक दूर असतील तर महिन्यातून दोन भेटी आणि मधे ऑनलाइन तास, अशी सांगड घालता येते. ऑनलाइन आवाज उशिरा पोहोचतो. त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवण्याऐवजी आधी शिक्षकांनी आणि मग विद्यार्थ्याने वाजवावे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात आणि प्रौढही त्यांना बसतात. ठरलेला अभ्यासक्रम आणि तारीख समोर असली की रियाज टळत नाही. परीक्षा नको असेल तर तीन महिन्यांनी घरच्यांसमोर एक बंदिश वाजवायची, एवढे ध्येयही पुरते.

प्रगती कशी ओळखावी

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात अनेकांना आपले वादन बिघडल्यासारखे वाटते. बहुतेकदा वादन तेवढेच असते, कान सुधारलेला असतो. आधी न कळणारा बेसूर आता कळू लागतो. याच टप्प्यावर बहुतेक जण वाद्य पेटीत ठेवून देतात. तसे वाटेल तेव्हा दोन महिन्यांपूर्वीचे ध्वनिमुद्रण आणि आजचे लागोपाठ ऐकावे.