शाळेबाहेर टाकलेल्या पोस्टसाठी शाळा शिक्षा करू शकते का?

सुट्टीच्या दिवशी, शाळेच्या बाहेरून, स्वतःच्या फोनवर विद्यार्थ्याने काही पोस्ट केले, तर शाळा त्याला शिक्षा करू शकते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२१ रोजी या प्रश्नावर निकाल दिला. थोडक्यात सांगायचे तर, शाळेला असा अधिकार आहे; पण शाळेच्या आवारात असतो त्यापेक्षा बराच कमी. नेमकी रेषा कुठे, हे मात्र न्यायालयाने आखून दिले नाही. त्यामुळे वाद अजून चालूच आहेत.

प्रकरण काय होते?

पेनसिल्व्हेनिया राज्यातील महनॉय सिटी या छोट्या गावातली ही घटना. मे २०१७ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलीची शाळेच्या मुख्य चिअरलीडिंग संघात निवड झाली नाही, तिला कनिष्ठ संघात जागा मिळाली. शनिवारी गावातल्या एका दुकानात मैत्रिणीबरोबर असताना तिने स्नॅपचॅटवर फोटो टाकला. दोघींनी मधले बोट दाखवलेले, आणि खाली शाळा, सॉफ्टबॉल, चिअरलीडिंग आणि 'सगळ्यालाच' उद्देशून शिवी. ही पोस्ट २४ तासांत आपोआप नाहीशी होणार होती. पण ती सुमारे २५० जणांपर्यंत पोहोचणार होती आणि त्यातल्या एकीने स्क्रीनशॉट काढला. तो संघाच्या प्रशिक्षकांपर्यंत पोहोचला. मुलीला वर्षभरासाठी संघातून काढण्यात आले.

तिच्या पालकांनी शाळेवर दावा लावला. खटल्याच्या नावात ती अल्पवयीन म्हणून फक्त 'बी. एल.' आहे. निकाल आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने लागला, तोवर ती कॉलेजात गेली होती.

न्यायालयाने काय पाहिले?

याचे मूळ १९६९ च्या टिंकर खटल्यात आहे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ आयोवातील काही मुले दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली, म्हणून त्यांना निलंबित केले होते. शाळेच्या कामकाजात मोठा व्यत्यय येत असेल किंवा इतरांच्या हक्कांवर गदा येत असेल तरच शाळेने विद्यार्थ्याचे बोलणे रोखावे, असे तेव्हा ठरले. पण ती फीत शाळेच्या आत होती. इंटरनेटवरची पोस्ट आत असते की बाहेर?

न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी बहुमताच्या निकालपत्रात तीन मुद्दे मांडले. शाळेत असताना शिक्षक पालकांच्या जागी असतात, घरी नाही. दुसरा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो: शाळेतले बोलणे आणि बाहेरचे बोलणे, दोन्हीवर शाळेचाच ताबा असेल, तर त्या मुलाला दिवसाच्या चोवीस तासांत एकदाही मोकळेपणी बोलता येणार नाही. आणि तिसरे, न आवडणारी मते ऐकून घेण्याची सवय लावणे हे सरकारी शाळेचेच काम आहे.

शाळेकडे व्यत्ययाचा पुरावा काय होता? बीजगणिताच्या तासाला एक-दोन दिवस पाच-दहा मिनिटे झालेली चर्चा आणि संघातल्या काही मुलींची नाराजी. तेवढा पुरावा न्यायालयाला पुरेसा वाटला नाही.

विरोधी मत न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचे. त्यांनी थेट १८५९ सालचा व्हर्मांटमधला खटला काढला. शाळा सुटल्यावर गाय हाकत घरी चाललेल्या एका मुलाने शिक्षकाच्या घरासमोर त्याला 'म्हाताऱ्या' म्हणून हाक मारली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत छडी खाल्ली. शाळेबाहेरच्या बोलण्याने शाळेची शिस्त बिघडत असेल तर शिक्षा करण्याचा अधिकार शिक्षकाला आहे, असे तत्त्व त्या न्यायालयाने मान्य केले होते.

मग शिक्षा कधी होऊ शकते?

एखाद्या विशिष्ट व्यक्तीचा गंभीर छळ, शिक्षकांना किंवा विद्यार्थ्यांना धमकी, शाळेच्या संगणक सुरक्षेचा भंग, अभ्यासासंबंधी नियम मोडणे अशा बाबतीत शाळा बाहेरच्या कृतीवरही कारवाई करू शकते, असे निकालातच म्हटले आहे.

त्यानंतरच्या वर्षी, २०२२ मध्ये, दोन अपील न्यायालयांनी दिलेले निकाल शेजारी ठेवले की फरक कळतो. कोलोरॅडोतील एका विद्यार्थ्याने ज्यूंविषयी अत्यंत आक्षेपार्ह 'विनोद' स्नॅपचॅटवर टाकला, काही तासांत काढून माफीही मागितली. तरी शाळेने त्याला काढले. त्यात कुणा सहविद्यार्थ्याला लक्ष्य केले नव्हते. न्यायालयाने शाळेविरुद्धचा त्याचा दावा पुढे चालू दिला. कॅलिफोर्नियातील आल्बनी येथे मात्र इन्स्टाग्रामच्या खासगी खात्यावर शाळेतल्याच कृष्णवर्णीय मुलींचे फोटो घेऊन वर्णद्वेषी पोस्ट केल्या होत्या. तिथे शाळेची कारवाई योग्य ठरली. खाते खासगी होते, त्या मुलींपर्यंत हे पोहोचावे असा हेतू नव्हता, हा बचाव चालला नाही.

सर्वच शाळांना लागू?

नाही. अमेरिकेत 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा; आपल्याकडे याच नावाच्या शाळा बहुधा खासगी असतात, त्यामुळे गोंधळ होतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी तिथली पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खासगी संस्थेला नाही. म्हणून तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातले मूल सरकारी शाळेत असेल तर बी. एल. खटल्याचा आधार घेता येतो. खासगी शाळेत असेल तर बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी पालकांनी सही केलेली नियमावली काढून वाचावी लागते.