एरंडेल आणि मोटारीचा ब्रेक

पोट साफ व्हावे म्हणून आजी ज्या एरंडेलाचा चमचा पुढे करी, तेच एरंडेल एके काळी मोटारीच्या ब्रेकातही असे.

द्रवाच्या दाबाने चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट माल्कम लॉकहीड यांना अमेरिकेत १९१७ साली मिळाले. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत दाब धरण्यासाठी रबरी वाट्या आल्या, आणि तेल कोणते घालावे हा प्रश्न उभा राहिला. इंजिनाच्या तेलाने रबर फुगे. एरंडेलाने तसे होत नसे. म्हणून त्यात अल्कोहोल मिसळून ते पातळ करीत. पण अल्कोहोल लवकर उकळते. साधे स्पिरिट तर ७८ अंश सेल्सिअसलाच! द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दबते. घाट उतरताना ब्रेक तापून नळीत वाफ झाली, की पाय खोल जातो आणि गाडी थांबत नाही.

पुढे ग्लायकॉलची तेले आली. ती हवेतले पाणी शोषतात, हा त्यांचा दोष. 'डॉट ३' प्रतीचे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हमी १४० वर येते. तेव्हा गाडीच्या पुस्तकात सांगितलेलीच प्रत घ्या, आणि दोनेक वर्षांनी जुने तेल सारे काढून नवे भरा. नुसती भर घालू नका. मागच्या खेपेचा उघडा डबा अर्धा भरलेला दिसला, तरी तो बाजूलाच ठेवा.