मूर्ती ओळखावी ती लक्षणांवरून

सुत्तनिपातातील पारायनवग्गाच्या प्रारंभी गोदावरीतीरी राहणाऱ्या बावरी ब्राह्मणाची कथा आली आहे. लोकात बुद्ध प्रकट झाल्याची वार्ता ऐकून त्याने अजित, तिस्समेत्तेय्य, पुण्णक आदी आपल्या सोळा शिष्यांना उत्तरेस पाठविले. निघताना त्याने त्यांना दोन कसोट्या दिल्या : महापुरुषाची बत्तीस लक्षणे पाहावीत आणि मनातल्या मनात प्रश्न विचारावेत. हे शिष्य प्रथम पतिट्ठानास, म्हणजे पैठणास आले. मुंगी-पैठण या जोडनावातील मुंगी हे गाव नदीच्या दक्षिण तीरावर, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या शेवगाव तालुक्यात आहे. ज्या भूमीतून बुद्धाला लक्षणांवरून ओळखण्यास माणसे निघाली, तिच्या रहिवाशांना मूर्ती कशी ओळखावी हा प्रश्न परका नसावा.

आज हा प्रश्न दोन बाजूंनी बिकट झाला आहे. एकीकडे बौद्ध लेणी व शिल्पे शतकानुशतके इतर नावांनी ओळखली गेली. नाशिकच्या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात. प्रत्यक्षात तेथील शिलालेखांत पर्वताचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे आहे व दान भिक्खुसंघाला दिलेले आहे. जुन्नरजवळ लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, जे मुळात भिक्खूंचा विहार होते, गिरिजात्मज गणपतीची पूजा होते. वेरूळच्या दहाव्या लेण्यातील बुद्ध पाय खाली सोडून, धम्मोपदेशाच्या मुद्रेत स्तूपासमोर बसले आहेत. तरी कारागीर वर्ग त्यांना विश्वकर्मा मानत आला आणि लेण्याला ‘सुतार की झोपडी’ हे नाव पडले. दुसरीकडे, या अन्यायाची जाणीव झालेले आमचे काही उत्साही उपासक कोणतेही प्राचीन लेणे व कोणतीही बैठी मूर्ती बौद्धच असल्याचे जाहीर करतात. पहिली चूक अज्ञानाची वा हेतूची, दुसरी घाईची. सत्याला दोन्ही बाधक आहेत.

पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरचे लेणे याचे उत्तम उदाहरण होय. सामान्यतः ते सहाव्या शतकातील मानले जाते. तेथे गाभाऱ्यात शिवलिंग आहे, प्रदक्षिणामार्ग आहे, सप्तमातृकांचा पट आहे, गंगा-यमुनांच्या मूर्ती आहेत. ही लक्षणे शैव लेण्याची आहेत आणि तसे स्पष्ट म्हणण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. त्रिरश्मीचे खरे नाव आम्ही शिलालेखाच्या आधारे मागतो. तोच पुराव्याचा न्याय ढोकेश्वरला नाकारला, तर त्रिरश्मीवरील आमचा हक्कही दुबळा होईल.

उलट, मूर्ती नाही म्हणून लेणे बौद्ध नाही, असेही समजू नये. जुन्नर परिसरातील बहुसंख्य लेणी प्राचीन थेरवादी परंपरेतील असून त्यांत पूजास्थानी बुद्धमूर्ती नव्हे, तर स्तूप आहे. मूर्ती घडविणारे हात नव्हते म्हणून असे झाले नाही. जवळच्याच नाणेघाटात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती नावानिशी कोरल्या होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. राजाची मूर्ती घडविता येत असतानाही बुद्धाचे स्मरण स्तूपाने करावे, ही त्या उपासकांची श्रद्धापूर्वक केलेली निवड होती. बुद्धमूर्ती पश्चिम भारताच्या लेण्यांत विपुल दिसू लागली ती मुख्यतः पाचव्या शतकापासून.

या उत्तरकालीन मूर्तींतील व्यक्ती कोण, हे ओळखण्याच्या खुणा कठीण नाहीत. बुद्धाच्या अंगावर चीवर असते, मस्तकावर उष्णीष असते, दागिना नसतो. मुकुट व अलंकार धारण केलेली मूर्ती बहुधा बोधिसत्त्वाची : मुकुटात अमिताभ बुद्धाची लहान प्रतिमा असल्यास अवलोकितेश्वर, स्तूप असल्यास मैत्रेय, हाती वज्र असल्यास वज्रपाणी. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अष्टमहाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर कोरला आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील मुलांनी वेढलेली स्त्री हारिती असून शेजारी पांचिक आहे. एका ओळीत अनेक बुद्ध दिसले तर गोंधळू नये. महापदानसुत्तात विपस्सीपासून गोतमापर्यंत सात बुद्ध सांगितले आहेत. अजिंठ्याच्या बाविसाव्या लेण्यात हे सात बुद्ध मैत्रेयासह, आपापल्या बोधिवृक्षांखाली नावांसह रंगविले आहेत. ध्यानस्थ मूर्तीच्या अंगावर चीवर नसेल, छातीवर श्रीवत्स असेल, तर ती जैन तीर्थंकरांची समजावी.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे नाकारते. बुद्धाची ओळख दुसऱ्याच्या ओळखीत विरघळू द्यायची नाही, हा तिचा आशय. मूर्ती ओळखण्याचे काम या प्रतिज्ञेचाच भाग आहे, असे आम्ही मानतो. म्हणूनच ते प्रतिज्ञेला शोभेल अशा सचोटीने व्हावे.

आपल्या गावी जुनी मूर्ती आढळल्यास तिचा शेंदूर खरवडू नये, तिला तैलरंग लावू नये, जागा हलवू नये. आसन, हात, वस्त्र, मुकुट, पीठावरील चिन्हे व अक्षरे यांची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व विभागास कळवावे. निर्णय नंतर. बावरीच्या शिष्यांनीही लक्षणे पाहून प्रवास संपविला नाही. प्रत्येकाने आपला प्रश्न विचारला. अजिताने लोकावरील आवरणाविषयी विचारले, आणि तथागतांनी ते आवरण अविद्येचे असल्याचे सांगितले. मूर्तीवरचा शेंदूर हेही एक आवरण आहे आणि आपली घाई हे दुसरे. दोन्ही ज्ञानानेच दूर होतील.