विमा खाटेचा, दाढ खुर्चीतली

वर्षाला पंधरा-वीस हजारांचा हप्ता भरायचा आणि दाढ ठणकली की कार्ड खिशातच ठेवायचं, हा अनुभव परभणीत घरोघरी आहे. रूट कॅनाल आणि वरची टोपी, सगळं रोख. लोक म्हणतात कंपन्या लुटतात. कंपन्यांची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाहीये. पण दात विम्याबाहेर कसा गेला याचा एक इतिहास आहे आणि तो कळला की कार्ड नेमकं कुठं चालतं हेही कळतं.

1948 साल घ्या. त्या वर्षी दिल्लीत दोन कायदे झाले. एक दंतवैद्यांचा. त्यामुळे दात कोण काढू शकतो याची देशभर एकसारखी नोंदणी सुरू झाली. दुसरा कामगार राज्य विमा कायदा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. त्याच वर्षी 5 जुलैला इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिथं दातांचा इलाजही फुकट होता. कवळीसाठी एवढी झुंबड उडाली की सरकारचा अंदाजच कोलमडला. 1951 मध्ये कवळीला आणि चष्म्याला पैसे लावायचं ठरलं, तेव्हा ही सेवा उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन राजीनामा देऊन बाहेर पडले. म्हणजे दाताच्या खर्चावरून मंत्रिमंडळ हललं होतं!

आपली परभणी तेव्हा निझामाच्या राज्यात होती. 17 सप्टेंबरला ते राज्य संपलं, 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो.

ईएसआय 1952 ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, 1954 ला नागपूर आणि मुंबईत आली. ही योजना आजही नीट बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात खाटेची अट नाही. कामगार दवाखान्यात गेला, तपासून औषध घेऊन घरी आला, तरी तो इलाज योजनेतला. दाताचा इलाजही त्यात बसतो. कामावर अपघात होऊन दात गेले तर कवळीचीही तरतूद आहे. आज महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना ही लागू आहे.

मग परभणीकराला हिचा फायदा फारसा का झाला नाही? कारण 1948 च्या कायद्यातच हंगामी कारखाने वगळलेत. त्यांच्या व्याख्येत धंद्यांची नावं आहेत: कापसाचं जिनिंग आणि प्रेसिंग, शेंगा फोडणं, साखर, गूळ. मानवत-सेलूचं जिनिंग आणि गोदाकाठचा ऊस डोळ्यासमोर आणा. आपल्या जिल्ह्यात जे काही कारखानदारीचं काम होतं, त्यातलं बरंचसं याच यादीत बसतं. शेतमजूर तर कुठल्याच यादीत नव्हता. माझ्या मते दाताचा विमा आपल्या हातून पहिल्यांदा निसटला तो इथं, कुठल्याही खासगी कंपनीच्या आधी.

1986 ला सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. त्याचा पायाच ॲडमिट होण्यावर. साधारणपणे चोवीस तास खाटेवर पडलात तर पैसे. दाताबद्दल त्यात सरळ कलम होतं की भरती व्हावं लागत नसेल तर दाताचा कुठलाही इलाज धरला जाणार नाही. पुढं खासगी कंपन्या आल्या, पण साचा तोच राहिला. दाताचा डॉक्टर खुर्चीत बसवतो आणि तासाभरात घरी पाठवतो. म्हणून दात बाहेर.

विमावाल्यांचा हिशोब समजायला सोपा आहे. घर जळणं क्वचित होतं, म्हणून त्याचा विमा स्वस्तात बसतो. दाढ मात्र जवळजवळ प्रत्येकाचीच किडते. अमेरिकेत 1954 च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या संघटनेने पोरांच्या दातांसाठी योजना मिळवली आणि तिथून दातांचा वेगळा विमा वाढला. पण तिथंही बहुतेक पॉलिसींत वर्षाची मर्यादा असते, ती संपली की पुढचं खिशातून. आपल्याकडं तेवढंसुद्धा रुजलं नाही.

आता सरकारी योजनेकडं येऊ. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात शेजारचं नांदेड होतं, परभणी नव्हतं. आपल्याला नोव्हेंबर 2013 उजाडला. (त्याच जुलैत राज्यात गुटखाबंदी झाली. टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे.) शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांत परभणी असल्याने पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही पुढं त्यात घेतलं. 2017 ला योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आता तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला 5 लाख आहे आणि कुठल्याही रंगाचं कार्ड चालतं. पण ही योजनाही खाटेचीच. तोंडाचा कॅन्सर आणि जबड्याचं फ्रॅक्चर तिच्यात येतं, दातात सिमेंट भरणं येत नाही. वीस वर्षं मिश्री-तंबाखू खाऊन तोंड उघडेनासं झालं आणि गाठ आली की योजना धावून येते. त्याआधी हिरडी तपासायला कुणी पैसे देत नाही. हे उलटं आहे आणि यावर आपले आमदार-खासदार बोलत नाहीत याचा मला राग येतो.

तरी जे हक्काचं आहे ते सोडू नका. 2020 ला आलेल्या आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या समान पॉलिसीत आजार किंवा इजेमुळे लागणारा दाताचा इलाज धरलाय, पण भरती किंवा डे-केअरच्या चौकटीत. म्हणून अपघातात दात-जबडा फुटला तर पहिल्याच केसपेपरवर "अपघात" हा शब्द, तारीख आणि एक्स-रे आला पाहिजे. आमच्या गल्लीतला एक पोरगा जिंतूर रोडला गाडीवरून पडला. जबड्याच्या ऑपरेशनचे पैसे मिळाले, समोरचे दोन दात नंतर बसवले त्याचे नाकारले, कारण त्या कागदांवर अपघाताचा उल्लेखच नव्हता.

पोरगं पुण्यात नोकरीला असेल तर त्याच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांची नावं आहेत का आणि दाताच्या ओपीडीची रक्कम आहे का, दोन्ही विचारा. काही पॉलिसींत असते, आणि सहसा वर्ष संपलं की ती बुडते. इलाज सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून लेखी खर्चपत्रक घ्या, ते कंपनीला ईमेल करा, उत्तर लेखीच मागा. फोनवरच्या "हो साहेब, होईल" ला अर्थ नाही.

महात्मा फुले योजनेसाठी अंगीकृत दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा 155388 ला फोन लावा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे. परभणीसाठी ते कार्यालय पुण्याला आहे, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचा शेवटचा नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा, म्हणून नकाराचं पत्र फाडून टाकू नका.