कार्यानुभवाचा तास कुठून आला?

कार्यानुभव म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना आठवतात कागदी फुलं, तोरणं आणि गुणपत्रिकेतली एका अक्षराची श्रेणी. परीक्षा जवळ आली की तो तास गणित-विज्ञानाकडे जायचा आणि कोणी हरकत घ्यायचं नाही. पण या तासामागे मोठा इतिहास आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन समितीने आराखडा केला : सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने. मुलांनी विणकर व्हावं हा हेतू नव्हता. सूत काततानाच हिशेब, भूगोल, समाज समजावा, ही कल्पना होती. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, हा भाग मात्र तेव्हाही वादाचा ठरला. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने हे शिक्षण प्रत्यक्षात आणलं.

स्वातंत्र्यानंतर पालकांना ही ‘गरिबांची शाळा’ वाटली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुन्हा कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ म्हटलं. नावं बदलली, वेळापत्रकातली जागा शेवटचीच राहिली.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला मात्र वेगळं घडलं. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या अभ्यासक्रमात मुलं वेल्डिंग, वायरिंग, माती परीक्षण, रक्तगट तपासणी शिकली. वस्तू केवळ गुणांसाठी नव्हे, कोणाच्या तरी उपयोगासाठी बनत होती. जोड निसटला तर तो पुन्हा करावाच लागे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आयफोन २००७ साली आला, त्याचं ॲप स्टोअर २००८ साली. आज आपल्यातले कितीतरी जण जे काम करतात, ते आपण शाळेत असताना अस्तित्वातच नव्हतं. आता तर प्रोग्रॅमही यंत्र लिहून देतं. गणित-विज्ञान लागतंच, पण अनोळखी वस्तू उघडून बघणं, बिघडलं तर पुन्हा जोडणं, ज्याच्यासाठी करायचं त्याला आधी विचारणं, हेही लागतं. वर्ध्याच्या आराखड्याची आजच्या मुलांना उपयोगी पडेल अशी गोष्ट मला हीच वाटते.

मेळाव्याच्या वर्गणीतून शाळेला संगणक द्यावेत, अशी सूचना आली आहे. संगणकावरच पोट असलेली मी सुचवते, की निम्मी रक्कम कार्यशाळेसाठी ठेवू या. एक भक्कम टेबल, पाने-पकडी, मल्टिमीटर, शिलाई मशीन, मागच्या अंगणात वाफे. आपल्या बॅचमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत, शेतकरी आहेत, शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणी आहेत. महिन्यातून एकदा त्यांनी शिकवायला यावं. आणि सर, बाई, तुम्हाला एक विनंती : शाळेकडे आमच्यासाठी शब्द टाका, की परीक्षा तोंडावर आली तरी तो तास गणिताला देऊ नका.