बार्शीचा नियंत्रित गट

मानसशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पाठ्यपुस्तकाच्या आरंभी 'प्रायोगिक गट' आणि 'नियंत्रित गट' ही जोडी भेटते. एका गटावर उपाय करावा, दुसऱ्यावर करू नये आणि दोहोंतील फरक मोजावा. पुढे संशोधनाच्या नीतीवर दोन पाने असतात. त्यांत मिलग्रॅमचे विजेचे खोटे धक्के असतात आणि १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे उपचारांविना ठेवलेले टस्कगीचे कृष्णवर्णीय उपदंशरुग्ण असतात. उदाहरणे सारी अमेरिकेतली; त्यामुळे हा प्रश्न आपल्या अंगणातला नव्हे असा समज होतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडे पाहिले, की तो समज टिकत नाही.

बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. भारताच्या ग्रामीण भागातली पहिली कर्करोग-नोंदणी १९८७ साली येथे सुरू झाली. या भागातील स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक होते, आणि बहुतेक जणी रोग हाताबाहेर गेल्यावर रुग्णालयात येत. या पायावर १९९९ साली शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक विशाल प्रयोग उभा राहिला. टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा होता.

३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट. कोणता समूह कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी चाचणी झाली, दुसऱ्याची पेशीतपासणी; तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहिले गेले. चौथ्या गटाची चाचणी झाली नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. नियंत्रित गटातील ३१,४८८ पैकी ६४. एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

यावर एरिक सुबा या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला. २०१४ साली भारतीय वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकातही तो मांडला गेला. पाश्चात्त्य देशांत पेशीतपासणीने मृत्यू घटल्याचे कित्येक दशके ठाऊक असताना एवढ्या स्त्रियांना चाचणीविना का ठेवावे, असा त्याचा प्रश्न होता. संशोधकांची बाजू अशी, की या गावांत कोणतीही चाचणी-योजना नव्हतीच. नियंत्रित गटाला प्रचलित व्यवस्था मिळाली, आणि चाचणी कुठे करून घेता येईल हेही त्यांना सांगितले होते. २००० सालच्या हेलसिंकी जाहीरनाम्याने नव्या उपायाची तुलना प्रचलित सर्वोत्तम उपायाशी करावी असे म्हटले होते. पण 'प्रचलित' कुठे, लंडनात की कळंबला, हा वाद तेथेही मिटला नाही.

बार्शी म्हणजे टस्कगी नव्हे, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. टस्कगीत पेनिसिलीन हाताशी असूनही ते रुग्णांपासून दूर ठेवले गेले आणि त्यांच्याशी खोटे बोलले गेले. येथे संशोधकांनी जे दिले नाही, ते शासनानेही दिलेले नव्हते. मात्र एवढ्याने प्रश्न सुटत नाही. नियंत्रित गटातील बाईला सारे नीट समजावले तर ती चाचणी करून घेईल, आणि मोजायचा फरकच पुसट होईल. समजावले नाही, तर तिची संमती अपुरी ठरेल. पद्धतीची गरज आणि नीतीची गरज येथे एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. पाठ्यपुस्तकात ही दोन प्रकरणे वेगळी छापलेली असतात. गावात ती एकाच बाईच्या वाट्याला येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली. त्या शिफारशीमागे ज्या पुराव्याचे बळ आहे, त्यात उस्मानाबादचा वाटा मोठा आहे. आणि त्या ६४ मृत्यूंवाचून ३४ या आकड्याला काही अर्थच उरला नसता. ज्ञान मिळाले, हे खरे. ते ज्यांच्यामुळे मिळाले त्यांच्या लेकीसुनांना ही चाचणी आज गावच्या आरोग्य केंद्रात मिळते का, हा प्रश्न आम्हांला त्या प्रयोगाचाच उरलेला भाग वाटतो.